नाशिकमध्ये सभासदांच्या मालकीची क्लाइंबिंग जिम काढायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: तुम्ही नाशिकचे वीसेक जण आहात, शनिवार-रविवार सुळक्यांवर जाता, पावसाळ्यात चार महिने हात बसून राहतात, म्हणून स्वतःची इनडोअर जिम हवीय. ती कुणा एकाच्या मालकीची नको, फी महिना ५०० च्या वर नको. सात-आठ लाख जमतील, अंबड एमआयडीसीत ओळखीतून २००० चौरस फुटांची शेड मिळतेय. आणि विचारलंय दोनच गोष्टी, भिंतीला किती खर्च येईल आणि ट्रस्ट करू का कंपनी.

मी बरीच वर्षं भिंती उभ्या करण्याच्या कामात आहे आणि एका क्लबच्या भिंतीचा रोजचा कारभारही बघते, त्यामुळं सरळ सांगते, हे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण पहिले नाहीत. भिंत उभी राहतेच हो, वीस उत्साही लोक आणि एक चांगला फॅब्रिकेटर असला की दोन महिन्यांत राहते. तिसऱ्या वर्षी भाडं कोण भरतंय, मंगळवारी संध्याकाळी कुलूप कोण उघडतंय, गादी कोण पुसतंय, यावर जिम टिकते. आपल्याकडं सरकारी पैशातून झालेल्या चांगल्या उंच भिंती कुलपात पडून आहेत, त्या भिंतींमध्ये काही कमी नाही, चालवणारी माणसं ठरवलेली नव्हती एवढंच.

बाकी सभासदांनी मिळून चालवायचं हे काही अशक्य स्वप्न नाही. जर्मनीत अल्पाइन क्लबच्या, म्हणजे १८६९ पासूनच्या सभासदांच्या संघटनेच्या, शाखा मिळून २०० हून जास्त क्लाइंबिंग हॉल चालवतात. अमेरिकेत मेम्फिस शहराच्या गरीब भागात २०१८ पासून मेम्फिस रॉक्स नावाची जिम आहे, तिथं ज्याला जेवढं जमेल तेवढं द्यायचं, पैसे नसतील तर काम करायचं. आणि एवढं लांब कशाला, आपल्याकडं तालमी आणि व्यायामशाळा शंभर वर्षांपासून असंच चालवतायत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. गिरिविहार हा मुंबईचा हौशी क्लब, त्यांनी २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढायच्या प्रकाराचा, वर्ल्ड कप भरवून दाखवला. म्हणजे माणसं जमवून मोठं काम करायची सवय आपल्याला आहे, फक्त ती रोजच्या कंटाळवाण्या कामाला लावायची आहे.

आता पैशाचं. परवडणारी फी ही होल्डच्या, म्हणजे भिंतीवर धरायच्या खुंट्यांच्या, किमतीवर ठरत नाही, भाड्यावर ठरते, हे आधी डोक्यात पक्कं करा. भिंतीचा खर्च एकदाच होतो, भाडं दर महिन्याला. तुमच्या शेडचे दर मला माहीत नाहीत म्हणून समजा धरून चालू, तुम्ही तुमचे आकडे घाला. समजा भाडं २० रुपये फूट, म्हणजे ४०,०००. एक पूर्णवेळ सांभाळणारा माणूस आणि एक अर्धवेळ कोच मिळून ४५,०००. वीज ८,०००. होल्ड, बोल्ट, गादीची दुरुस्ती यासाठी दर महिन्याला बाजूला ठेवायचे १५,०००. विमा, हिशेब, सफाई, किरकोळ मिळून १२,०००. झाले १,२०,०००. सगळ्यांना ५०० फी लावली तर २४० सभासद पाहिजेत, तेही दर महिन्याला न चुकता भरणारे. नाशिकमध्ये पहिल्या वर्षी एवढे मिळतील असं मला वाटत नाही.

म्हणून सगळ्यांना एकच फी हा हट्ट सोडा. विद्यार्थ्यांना ५००, नोकरदारांना १०००, आणि ज्यांना जास्त देणं जमतं आणि द्यायचंय त्यांना १५००. ६० विद्यार्थी, ७० नोकरदार आणि १५ जास्त देणारे धरले तर १,२२,५०० होतात, म्हणजे १४५ सभासदांत महिना निघतो. कोण कुठली फी भरतो ते फक्त खजिनदाराला माहीत असावं, कार्डाचा रंग वेगळा वगैरे अजिबात करू नका, भिंतीसमोर सगळे सारखे. कुणाचा दाखला मागू नका, सांगितलं त्यावर विश्वास ठेवा, माझा अनुभव असा की लोक यात लबाडी फार क्वचित करतात. आणि ज्या पोरांना ५०० पण जड आहेत त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवा, होल्ड धुण्याच्या, सेटिंगच्या, म्हणजे होल्ड लावून चढायचे मार्ग तयार करायच्या, कामात त्यांना घ्या, पण ते काम इतर सभासदांनीही करायचंय, नाहीतर पैसे देणारे चढतात आणि न देणारे धुतात असं होऊन बसेल.

जमलेल्या सात-आठ लाखांतला निम्माच भिंतीवर घालवा असं माझं मत आहे, बाकीचा डिपॉझिट आणि पहिल्या सहा महिन्यांच्या तुटीसाठी. लोक इथंच उलटं करतात, सगळा पैसा सुंदर भिंतीत घालतात आणि चौथ्या महिन्यात भाड्यासाठी सभासदांपुढं हात पसरतात.

जागेबद्दल. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जिम उभी करू नका. ओळख आहे म्हणून चालून जाईल असं वाटतं, पण शेडमालकाला उद्या दुप्पट भाडं देणारा वेअरहाऊसवाला मिळाला की ओळख संपते. निदान पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, भाडेवाढ दरवर्षी किती टक्के ते लिहून, आणि मालकाने मुदतीआधी काढायचं नाही ही अट. एमआयडीसीतली शेड असेल तर दुसऱ्याला वापरायला द्यायला एमआयडीसीची परवानगी लागते आणि वापर औद्योगिक नाही म्हणून प्रश्न येऊ शकतो, मालक 'कोण बघतंय' म्हणेल, तरी तुम्ही लेखी विचारा, कारण शंभर लोक रोज येणार आहेत, लपून राहणारी गोष्ट नाही ती.

त्यापेक्षा एक वेगळा रस्ता सुचवते. नाशिकमधल्या जुन्या व्यायामशाळा, शाळांचे हॉल, कॉलेजांचे जिमखाने बघून या. मल्लखांबाच्या हॉलना बऱ्याचदा चांगली उंची असते आणि दुपारी ते रिकामे असतात. त्यांच्याकडं जागा आहे, नोंदणी आहे, परिसरातल्या आईवडिलांचा विश्वास आहे, पण नवीन पोरं येत नाहीत, आणि तुमच्याकडं पोरं आहेत पण बाकी काही नाही. एका बाजूची भिंत तुम्हाला मिळाली, बदल्यात त्यांच्या मुलांना आठवड्यातून तीन दिवस तुम्ही शिकवलंत, तर वरच्या हिशेबातले ४०,००० एकदम दहा-पंधरा हजारांवर येतात आणि ५०० फी खरोखर शक्य होते. मी असते तर शेडचा करार करायच्या आधी महिनाभर फक्त हेच केलं असतं. अडचण एवढीच की तिथल्या जुन्या मंडळींशी जुळवून घ्यावं लागतं, वेळा त्यांच्या, नियम त्यांचे, बूट बाहेर काढा, मोठ्या आवाजात गाणी नकोत. ते मला अजिबात वाईट वाटत नाही.

ट्रस्ट का कंपनी. इथं मी वकील नाही, सीएकडं जायलाच लागेल, पण विचार कसा करायचा ते सांगते. 'सगळ्यांच्या मालकीची' म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय? एक अर्थ असा की प्रत्येकाचा शेअर असेल, सोडून गेला की परत मिळेल, आणि मत एकालाच एक, मग शेअर कितीही असोत. त्याला आपल्याकडं सहकारी संस्था हे नाव आहे, १९६० चा कायदा, वेगवेगळ्या कुटुंबांतले निदान १० जण लागतात, लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. कागदावर तुमच्या मनातलं तंतोतंत हेच आहे. पण दरवर्षी ऑडिट, निवडणुका, उपनिबंधक कार्यालयाच्या फेऱ्या, आणि क्लाइंबिंग जिम नावाची सहकारी संस्था कुठल्या वर्गात बसवायची हे तिथल्या साहेबांना समजावणं, हे वीस जणांच्या गटाला सुरुवातीला झेपेल का ते तुम्ही बघा.

दुसरा अर्थ असा की जिम कुणाचीच नाही, कुणाला विकता येणार नाही, वाटून घेता येणार नाही, आणि चालवायचा हक्क सभासदांचा. मग १८६० च्या कायद्याखाली सोसायटी, त्याला सात जण पुरतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडं सार्वजनिक न्यास म्हणून नोंद. आपल्याकडचे बरेचसे गिर्यारोहण क्लब आणि मंडळं असेच आहेत. याचा मोठा फायदा म्हणजे पुढं देणग्या आणि सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे, दरवाजे उघडे राहतात, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे आणि स्पोर्ट क्लाइंबिंग टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. पण त्यासाठी आयकराच्या १२ए, ८०जी या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, त्यामुळं पहिल्या वर्षी सीएसआरची स्वप्नं बघू नका. सहकारी संस्थेला हा रस्ता नाही. कंपनी कायद्यातल्या सेक्शन ८ च्या, म्हणजे ना-नफा, कंपनीला आहे, लाभांश तिथंही वाटता येत नाही, फक्त वर्षाचा कागदपत्रांचा खर्च जास्त.

मी तुमच्या जागी असते तर सोसायटी-ट्रस्ट घेतला असता, पण संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, दोन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून. फी भरणाऱ्या प्रत्येक प्रौढ सभासदाला वार्षिक सभेत मत, फक्त स्थापना करणाऱ्या वीस जणांना नाही. आणि कार्यकारिणीत सलग दोन टर्मच्या वर कुणीही नाही. समिती बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांत टाका, बऱ्याच संस्था हे वर्षानुवर्षं करत नाहीत आणि मग बँक खात्यावर सही कुणाची यावरून अडतात. आणखी एक, ट्रस्टने कर्ज काढायचं तर आधी परवानगी लागते, त्यामुळं मित्रांकडून हातउसने घेऊन नंतर फेडू असलं काही ट्रस्टच्या नावावर करू नका. पैसा उभा करायचा तर दोन वर्षांची फी आगाऊ घ्या, थोडी सवलत देऊन, ते स्वच्छ आहे. करार करायच्या आधी अशी ५० जणांची आगाऊ फी खात्यात आली नाही तर थांबा, कारण व्हॉट्सअॅपवर 'मी आहे' म्हणणारे २०० असतात.

आता भिंत. फक्त बोल्डरिंग करा. दोराची भिंत नको, लीडसाठी, म्हणजे दोर स्वतः अडकवत वर जायच्या प्रकारासाठी, १२ ते १५ मीटर उंची, बिले करणाऱ्यांची, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्यांची, परीक्षा, दोरांची नोंदवही, सतत हजर असलेला जाणता माणूस, हे सगळं स्वस्त जिमच्या आवाक्याबाहेर जातं. बोल्डरिंगला ४ मीटर उंची भरपूर होते.

सगळ्यात जास्त महत्त्वाचं म्हणजे ही भिंत तुमच्या वीस जणांसाठी बांधू नका. तुम्ही सगळे चढणारे आहात, तुम्हाला ४० डिग्री पुढं झुकलेली भिंत आणि बारीक क्रिंप, म्हणजे बोटांच्या टोकांनी धरायचे होल्ड, पाहिजेत, साहजिक आहे. पण ज्या सव्वाशे लोकांच्या फीवर ही जिम चालणार ते पहिल्यांदा येणार आहेत, कॉलेजातली मुलगी, पन्नाशीचे काका, नऊ वर्षांचं पोर. ४० डिग्रीवर ते दोन होल्ड धरून पडतात आणि परत येत नाहीत. म्हणून मी प्लायच्या सहा शीटची रुंदी सुचवते, साधारण ७.३ मीटर. दोन शीट जवळपास सरळ, दोन शीट २० डिग्री, दोन शीट ४० डिग्री. सरळ आणि २० डिग्रीवर मोठे, हाताला धरायला बरे वाटणारे होल्ड. ४० डिग्रीवर तुम्ही स्प्रे वॉल करा, म्हणजे गच्च होल्ड लावून ठेवायचे आणि प्रॉब्लेम, म्हणजे चढायचे मार्ग, आपणच ठरवायचे, तिथं सतत सेटिंग बदलायला लागत नाही, तुमचा सराव होतो आणि सेटिंगची मेहनत नवशिक्यांच्या बाजूला वापरता येते.

अशा भिंतीला १८ एमएमच्या प्लायच्या बाराएक शीट लागतात. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, नाशिकला पावसाळ्यात हवा किती दमट असते तुम्हाला माहितीये. २० सेंटीमीटरच्या चौकटीत एम१० चे टी-नट, म्हणजे होल्डचा बोल्ट ज्यात बसतो ते नट, आठशेच्या आसपास, ते पाठीमागून स्क्रूने पक्के होणारे घ्या, नुसते ठोकून बसवलेले फिरायला लागतात आणि मग होल्ड निघत नाही, पॅनेलच्या मागं जायला जागा नसेल तर तिथंच काम अडतं. म्हणूनच भिंतीमागं माणूस शिरेल एवढी जागा सोडा. होल्ड सुरुवातीला ३०० पुरतात. सगळे विकत घ्यायची गरज नाही, सुताराकडून लाकडाचे करून घ्या, कडा नीट गोल करून, बोटांच्या कातडीला ते चांगलेच असतात. १९६४ मध्ये लीड्स विद्यापीठात जी भिंत झाली ती एका कॉरिडॉरच्या विटांमध्ये दगड बसवून केलेली होती आणि तिच्यावर सराव करून पुढं नावाजलेले चढणारे तयार झाले.

फ्रेम लोखंडी बॉक्स सेक्शनची, स्वतःच्या पायावर उभी, शेडच्या खांबांना न टांगता. एक तर मालकाची शेड तेवढा भार घेईल का सांगता येत नाही, आणि जागा सोडावी लागली तर बोल्ट काढून सगळं नेता येतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन आणि सहीचं प्रमाणपत्र घ्या, फॅब्रिकेटर 'मी अशा दहा शेड केल्यात' म्हणेल तरी. युरोपातलं ईएन १२५७२ हे मानक त्याला दाखवा, त्याचा दुसरा भाग बोल्डरिंगच्या भिंतींचाच आहे.

आणि गादी. इथं पैसे वाचवायचे नाहीत, म्हणजे नाहीतच. बोल्डरिंगमध्ये पडणारा प्रत्येक वेळी थेट खालीच येतो, घोटे आणि मनगटं तिथंच जातात. ४ मीटर उंचीची ४० डिग्री भिंत वरच्या टोकाला साधारण ३.४ मीटर पुढं येते, त्याच्या पुढं आणखी दोन मीटर गादी हवी, बाजूंनाही मीटर-मीटर. म्हणजे पन्नासेक चौरस मीटर, ३० सेंटीमीटर जाड, १५ घनमीटर फोम. खाली मऊ पीयू फोम, वर कडक क्लोज्ड सेलचा थर, आणि सगळ्यांवर एकच सलग कव्हर, दोन गाद्यांमध्ये फट राहिली की पाय तिथंच जातो. जुन्या सोफ्यांचे फोम, गावातल्या गादीवाल्याकडची कापसाची गादी, जिम्नॅस्टिकच्या पातळ मॅट एकावर एक, यातलं काहीही नको. पैसे कमी पडले तर भिंत चार शीटची करा, गादी पातळ करू नका. फोम पेटला तर भयंकर धूर करतो, म्हणून गादीजवळ वायरिंग नको, बाहेर पडायला दोन दारं, अग्निशामक सिलेंडर भरलेले. उंदरांचा बंदोबस्त पण, हसू नका, शेडमध्ये पावसाळ्यात फोमला पहिली भोकं तेच पाडतात.

पत्र्याची शेड एप्रिल-मेमध्ये दुपारी वापरता येणार नाही, मोठे एक्झॉस्ट आणि छताला इन्सुलेशन याचा खर्च आधीच धरा. हाताला लावायच्या चॉकची धूळ हवेत राहते त्यासाठीही एक्झॉस्ट लागतोच.

सुरक्षेचा कागद म्हणजे सही केलेला फॉर्म असं समजू नका. फॉर्म घ्याच, १८ खालच्यांचा पालकांकडून, पण तुमचा निष्काळजीपणा असेल तर तो फॉर्म तुम्हाला वाचवत नाही. दर आठवड्याला बोल्ट तपासल्याची सहीची वही, पहिल्या दिवशी प्रत्येकाला नीट पडायला शिकवणं, अपघात विमा आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा, हे खरं. लहान मुलांच्या बॅचला कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई, एकटा कोच आणि मुलं असं कधीच नाही, कितीही ओळखीचा असला तरी. मुलींना टिकवायचं असेल तर आत कडी लागणारी स्वच्छ चेंजिंग रूम आणि संध्याकाळी परतताना रस्त्यावर दिवे आहेत का हे बघा, अंबडच्या शेडबद्दल मला हीच शंका जास्त आहे. रात्री आठनंतर एमआयडीसीतून एकटी मुलगी स्कूटरवर परत जायला तयार होईल का, हे तुमच्यातल्या मुलींना विचारा, मुलांना नाही.

स्वयंसेवकांबद्दल एकच. सेटिंग, होल्ड धुणं, स्पर्धा भरवणं हे आनंदाने होतं, त्याला स्वयंसेवक मिळतात. कुलूप, झाडू, हिशेब यासाठी पगारी माणूस ठेवा, अगदी पहिल्या महिन्यापासून. तुमच्यातले जे दोघं-तिघं सगळ्यात जास्त मनापासून काम करतात तेच दोन वर्षांत थकून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर जिम जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ५० जणांची आगाऊ फी आणि घटना, मग जागा, मग इंजिनिअर, गादीची ऑर्डर, आणि शेवटी प्लाय. शेडचा करार अजून झाला नसेल तर सही करू नका. आधी आतली उंची मोजून इथं लिहा, पत्र्यापर्यंत नको, ट्रसच्या खालच्या पट्टीपर्यंतची, ती ५ मीटरच्या आत असेल तर ४ मीटर भिंत बसवणं अडचणीचं होतं. कराराचा मसुदा मिळाला तर नावं खोडून त्यातल्या मुदतीच्या आणि भाडेवाढीच्या अटी पण टाका, आणि दोन तरी व्यायामशाळा बघून आलात की तिथल्या हॉलचं माप, म्हणजे तिन्ही जागांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून देते.